पोलंड कुठल्या कपाटात असतो?

मॅडम, सप्रेम नमस्कार. मी बी. ए. भाग दोनला आहे, विषय राज्यशास्त्र. हातकणंगले तालुक्यातून रोज कोल्हापूरला येते. आमच्या सरांनी वर्गात चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक देश दिला. त्या देशावर ३,००० शब्दांचा प्रबंध लिहायचा आहे. किमान सात संदर्भ हवेत, त्यांतले चार छापील. मला पोलंड आला. कॉलेजच्या ग्रंथालयात कॉम्प्युटरवर ‘पोलंड’ टाकलं तर एकच पुस्तक दाखवलं, तेही प्रवासवर्णन. मोबाइलवरच्या एआयला विचारलं, तर त्यानं दहा पुस्तकांची यादी दिली. त्यातलं एकही आमच्या ग्रंथालयात नाही आणि काही तर इंटरनेटवरसुद्धा सापडेनात. काउंटरवर विचारायचं म्हटलं की जीभ अडखळते. तीन आठवडे उरलेत. मैत्रिणीला जपान आलाय, ती अदलाबदल करायला तयार आहे. करू का?
– एक विद्यार्थिनी, ता. हातकणंगले

अदलाबदल करू नकोस. जपानवर पुस्तकं जास्त मिळतील हे खरं. पण कोल्हापूर जिल्ह्यात राहून पोलंड सोडायचा म्हणजे घरच्या विहिरीकडे पाठ करून टँकरची वाट बघायची. असं का म्हणते ते पुढं सांगते. आधी तुझी खरी अडचण बघू, कारण ती पुस्तकांची नाही.

तू ग्रंथालयात जाऊन ‘पोलंड’ शोधलास. पोलंड हा विषयच नाही, तो देश आहे. हजार वर्षांचा इतिहास, चार कोटींच्या आसपास माणसं, तीन लाखांहून जास्त चौरस किलोमीटर जमीन, हे सगळं ३,००० शब्दांत बसवायला गेलीस की एकच गोष्ट होते. भौगोलिक स्थान, हवामान, लोकसंख्या, प्रमुख पिके, राज्यपद्धती, निष्कर्ष. असले स्पायरल बाइंडिंग केलेले प्रबंध मी कॉलेजच्या ग्रंथालयात गठ्ठ्यानं पाहिलेत. देशाचं नाव बदललं तरी अर्धी वाक्यं तीच राहतात. तुझ्या सरांनीही ते पाहिलेत, म्हणून तर छापील संदर्भांची अट घातली असणार.

तेव्हा पहिले दोन दिवस पुस्तक शोधू नकोस, प्रश्न शोध. तो कसा सापडतो? मराठी विश्वकोशातली ‘पोलंड’ ही नोंद आणि इंग्रजीतला एखादा ज्ञानकोश घेऊन बस आणि वाचताना जिथं ‘असं का झालं असेल?’ असं मनात येईल तिथं खूण कर. माझ्या मनात आलेले काही प्रश्न देते, नमुन्यादाखल.

१७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वेळा रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतला. (मधल्या वाटणीत ऑस्ट्रिया नव्हता.) त्यानंतर १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षं, हा देश नकाशावर नव्हता. तरी लोक स्वतःला पोलिश म्हणवत राहिले ते कशाच्या जोरावर?

किंवा हा घे. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यात संप होतो, त्यातून ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना उभी राहते, डिसेंबर १९८१ मध्ये सरकार लष्करी कायदा लावून ती चिरडतं आणि जून १९८९ च्या निवडणुकीत तीच संघटना कम्युनिस्टांना हरवते. कामगारांच्याच नावानं चाललेली राजवट कामगारांनीच कशी पाडली? राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीला यापेक्षा चांगला प्रश्न कुठं मिळणार?

किंवा सरळ राज्यघटनेचा घे. १९९७ च्या घटनेनुसार पोलंडमध्ये राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडलेला असतो आणि पंतप्रधान संसदेला जबाबदार असतो. दोघंही लोकांच्या नावानं बोलतात. मग भांडण झालं तर कोण कुणाला अडवू शकतो? आपल्या राष्ट्रपतींशी तुलना करत लिहिलंस तर अर्धी तयारी भाग एकच्या अभ्यासातूनच झालेली असेल.

यातला एक निवड, नाहीतर स्वतःचा तयार कर. मात्र एका वाक्यात लिहून सरांना दाखव आणि होकार घे. मग ग्रंथालयात जा.

आता कपाटांकडे वळू. तुला एकच पुस्तक सापडलं, कारण तू शीर्षकात पोलंड शोधलास. ग्रंथालयात एखादा देश कधीच एका कपाटात नसतो, तो सगळ्या ग्रंथालयभर विखुरलेला असतो. आपल्याकडं बऱ्याच कॉलेजांत ड्यूई दशांश वर्गीकरण वापरतात. पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर जो आकडा असतो तो वर्गांक. त्या पद्धतीत पोलंडची खूण आहे ४३८. इतिहास ९४३.८ ला मिळेल, भूगोल आणि प्रवासवर्णनं ९१४.३८ ला (तुझं ते एकुलतं एक पुस्तक तिथलंच असणार), राजकीय परिस्थिती ३२०.९४३८ ला, अर्थव्यवस्था ३३०.९४३८ ला, परराष्ट्रसंबंध ३२७.४३८ ला, राज्यघटना ३४२.४३८ ला. पोलिश कवयित्री शिंबोर्स्काच्या कविता शोधायच्या तर ८९१.८५. एकदा ही शेपटी ओळखता आली की कुठल्याही ग्रंथालयात, कुणालाही न विचारता, तू चार कपाटं फिरून येशील. तुझ्या कॉलेजात दुसरी पद्धत असेल तर आकडे वेगळे असतील, पण विखुरण्याची गोष्ट तीच राहील.

ही झाली शीर्षकातच पोलंड असलेली पुस्तकं. तुझ्या कॉलेजात ती फारशी नसतील हे मला मान्य आहे. पण ज्यांच्या शीर्षकात पोलंड नाही आणि पोटात आहे, अशी पुस्तकं प्रत्येक कॉलेजात असतात. आधुनिक जगाच्या इतिहासावरची मराठी-इंग्रजी क्रमिक पुस्तकं काढ. दुसरं महायुद्ध १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडवरच्या हल्ल्यानंच सुरू झालं, तेव्हा ९४०.५३ च्या कपाटातलं कुठलंही पुस्तक पोलंडला टाळून पुढं जाऊच शकत नाही. शीतयुद्ध, पूर्व युरोप, युरोपीय संघ, तौलनिक शासन आणि राजकारण ही कपाटंही बघ. सॉलिडॅरिटीवर लिहिणार असशील तर ३३१.८८ ला कामगार संघटनांवरची पुस्तकं. पुस्तक हातात आलं की अनुक्रमणिका नंतर, आधी शेवटची सूची उघड आणि ‘प’ काढ. पोलंडपुढं पाच-सहा पानांचे आकडे दिसले तर पुस्तक टेबलावर ठेव, नाहीतर परत जागेवर. एका पुस्तकाला दोन मिनिटं पुरतात.

एक उदाहरण देते. पहिला प्रश्न घेतलास तर मादाम क्यूरींचं चरित्र वाच. मराठीत त्यांची चरित्रं आहेत, कदाचित तू शाळेत वाचलंही असशील. त्यांचा जन्म १८६७ चा, वॉर्साचा, आणि तेव्हा वॉर्सा रशियाच्या ताब्यात होतं. मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती, म्हणून त्या शिकल्या ते गुप्तपणे चालणाऱ्या वर्गांमध्ये, ज्यांना ‘उडतं विद्यापीठ’ म्हणत. १८९८ मध्ये नवं मूलद्रव्य सापडलं तेव्हा त्याला पोलोनियम नाव दिलं, ज्या देशाचं नाव तेव्हा नकाशावर नव्हतं त्याचं. आता सांग, हे पुस्तक कॅटलॉगमध्ये ‘पोलंड’ टाकून कधी सापडलं असतं?

कॅटलॉग, म्हणजे तुमच्या कॉलेजातलं ओपॅक, याबद्दल एवढंच सांगते. मराठी पुस्तकांची नोंद कुठं देवनागरीत असते, कुठं रोमनमध्ये, तेव्हा दोन्ही टाकून बघ. ‘शीर्षक’ऐवजी ‘विषय’ हा पर्याय निवड. नावांची स्पेलिंगं बदलून बघ. सॉलिडॅरिटीच्या ज्या नेत्याला पोलिश माणूस वावेंसा म्हणतो त्याला मराठी लेखांत वालेसा लिहिलेलं आढळेल.

संदर्भ विभाग हा ग्रंथालयाचा सगळ्यात रिकामा कोपरा असतो, पंखा चालू आणि माणूस नाही अशी अवस्था. तिथली पुस्तकं घरी देत नाहीत, म्हणून मुलं तिकडं फिरकत नाहीत. तू मात्र तिथं एक पूर्ण सकाळ घालव. ‘स्टेट्समन्स इयरबुक’ हा वार्षिक ग्रंथ १८६४ पासून निघतोय, त्यात प्रत्येक देशाची नोंद असते. विश्वकोश तिथं असतोच, शिवाय आता तो इंटरनेटवरही फुकट वाचता येतो. फक्त एक काळजी घे. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आहे आणि पुढचे खंड नंतरच्या वर्षांत टप्प्याटप्प्यानं आले. ज्या खंडात तू पोलंड वाचतेस त्याच्या आतल्या पानावरचं वर्ष बघ. १९८९ च्या आधीचं असेल तर त्यातला पोलंड कम्युनिस्ट राजवटीतला आहे आणि लेखकाला पुढं काय होणार हे ठाऊक नाही. इतिहासाच्या भागासाठी ती नोंद चालेल, राज्यपद्धतीसाठी मुळीच नाही.

जुनं पुस्तक टाकाऊ असतं असं मात्र समजू नकोस. जमलं तर १९३९ च्या आधीचा एखादा नकाशासंग्रह मागून घे आणि १९४५ नंतरच्या नकाशाशेजारी ठेव. पोलंड चक्क पश्चिमेकडं सरकलेला दिसेल. पूर्वेचा मोठा पट्टा, ल्वूव शहरासकट, सोव्हिएत संघात गेला आणि पश्चिमेला जर्मनीचा ब्रेस्लाऊ हा पोलंडचा व्रोत्सवाफ झाला. कुठल्याही लेखातल्या चार परिच्छेदांपेक्षा हे दोन नकाशे शेजारी ठेवून जास्त कळतं, आणि नकाशासंग्रह हा छापील संदर्भच असतो, सरांच्या अटीत बसतो.

आकड्यांसाठी छापील पुस्तकाच्या मागं लागू नकोस, तिथं इंटरनेटच बरं. पोलंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या संकेतस्थळावर वार्षिक सांख्यिकी पुस्तिका इंग्रजीतही मिळते. त्याखेरीज युरोपीय संघाचं युरोस्टॅट आणि जागतिक बँकेची आकडेवारी आहेच. आकडा लिहिशील तिथं वर्ष आणि कुणाचा आकडा हे त्याच वाक्यात लिही. आणि तो आकडा आपल्या ओळखीच्या कशाशी तरी जोड. पोलंडचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राचं ३ लाख ७ हजार. म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच. पण २०२१ च्या जनगणनेत पोलंडची लोकसंख्या ३ कोटी ८० लाखांच्या आसपास भरली, आणि महाराष्ट्राची २०११ लाच ११ कोटी २४ लाख होती. हे वाचल्यावर तुझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला तो देश डोळ्यांपुढं येईल.

आता एआयच्या यादीबद्दल. सापडत नाहीत ती पुस्तकं बहुधा अस्तित्वातच नाहीत. या यंत्राला शोभेल असं शीर्षक, शोभेल असा लेखक आणि शोभेल असं वर्ष जुळवता येतं. ते जाणूनबुजून खोटं बोलत नाही, पण त्यानं कपाट उघडून पाहिलेलंही नसतं. जे पुस्तक किंवा लेख तू स्वतः उघडला नाहीस, पान क्रमांक बघितला नाहीस, तो संदर्भसूचीत लिहायचा नाही. सरांनी तोंडी परीक्षेत ‘हे पुस्तक कुठं वाचलंस?’ एवढं विचारलं तरी पंचाईत. त्यापेक्षा एआयकडून शोधायचे शब्द सुचवून घे, एखादा अवघड इंग्रजी परिच्छेद सोपा करून घे आणि तो मूळ परिच्छेदाशी ताडून बघ. विकिपीडियाचंही तसंच. लेख वाच आणि खाली उतरून त्यानं दिलेले संदर्भ गाठ.

तुझ्या कॉलेजकडं आणखी एक गोष्ट असण्याची दाट शक्यता आहे, जी मुलांना कुणी सांगत नाही. गांधीनगरचं (गुजरातमधलं, आपलं कोल्हापूरजवळचं नव्हे) इन्फ्लिबनेट केंद्र ‘एन-लिस्ट’ नावाची सेवा कॉलेजांना देतं. त्यात हजारो इंग्रजी नियतकालिकं आणि ई-पुस्तकं आहेत. कॉलेज सभासद असेल तर ग्रंथपाल तुझ्या नावानं लॉगिन करून देतात आणि मग घरी बसून मोबाइलवरसुद्धा वाचता येतं. याच केंद्राचं ‘शोधगंगा’ सगळ्यांना खुलं आहे, तिथं भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध असतात. तिथं भारत-पोलंड संबंध किंवा पूर्व युरोप शोध. सबंध प्रबंध वाचायची गरज नाही, शेवटची संदर्भसूची वाच. कुणीतरी पाच वर्षं घालून तुझ्या विषयावरची पुस्तकं गोळा करून ठेवलेली असतात.

आणि शिवाजी विद्यापीठ. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, केएमटीची शहर बस पकडलीस की बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय फार लांब नाही. जिल्ह्यात इतिहास-राज्यशास्त्राची एवढी पुस्तकं एका छताखाली दुसरीकडं मिळणं अवघड. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तिच्यात सरकारी विद्यापीठांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. संलग्न कॉलेजच्या विद्यार्थ्याला तिथं बसून वाचायचं असेल तर तुमच्या ग्रंथपालांचं किंवा प्राचार्यांचं पत्र आणि ओळखपत्र लागेल असं धरून चाल, आणि जाण्याआधी फोन करून विचार. एसटीचं भाडं खर्चून दारावरून परत यायला नको. शहरात करवीर नगर वाचन मंदिर आहेच. १८५० साली स्थापन झालेलं हे ग्रंथालय, म्हणजे मुंबई विद्यापीठापेक्षा सात वर्षांनी थोरलं. जुनी मराठी पुस्तकं आणि मासिकं शोधायची तर मी आधी तिथं विचारेन.

काउंटरवर जीभ अडखळते, असं तू लिहिलंस. त्यात तुझी एकटीची चूक नाही. आमच्या ग्रंथपालांच्या व्यवसायात कपाळावर आठ्या घालून बसणारी माणसं आहेत, हे मी नाकारत नाही. पण बहुतेक वेळा अडचण प्रश्नात असते. ‘पोलंडवर काही आहे का?’ या प्रश्नाला ‘कॉम्प्युटरवर बघा’ एवढंच उत्तर येणार. तेच असं विचारून बघ: ‘सर, १९८० च्या दशकातल्या पोलंडच्या कामगार चळवळीवर लिहितेय. शीतयुद्धाच्या कपाटातली दोन पुस्तकं बघितली. त्या वर्षांची वर्तमानपत्रं किंवा मासिकांचे बांधीव खंड आपल्याकडं आहेत का?’ समोरचा माणूस खुर्चीवरून उठेल, बघ. आपल्या पोतडीतलं काहीतरी काढून दाखवायची हौस प्रत्येक ग्रंथपालाला असते, फक्त तसं विचारणारं कुणी येत नाही. सकाळी जा. मधल्या सुट्टीत देवघेवीच्या खिडकीवर रांग असते, तेव्हा देवमाणूससुद्धा खेकसेल.

आता घरच्या विहिरीकडं येते. तू हातकणंगल्याहून रेल्वेनं कोल्हापूरला आलीस तर रुकडीनंतर वळिवडे स्टेशन लागतं. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीमागोमाग सोव्हिएत फौजाही पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसल्या. १९४० आणि १९४१ मध्ये तिथल्या लाखो लोकांना सायबेरियात, कझाकस्तानात हद्दपार केलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तशी मॉस्कोनं लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारशी हातमिळवणी केली आणि या लोकांची सुटका झाली. १९४२ मध्ये त्यातले बरेच इराणमध्ये पोचले आणि तिथून काही भारतात. वळिवड्याच्या छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. ती माणसं गेल्यावर त्याच जागी फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित वसले. आज आपण कापड घ्यायला जातो ते गांधीनगर. पोलिश निर्वासितांचं स्मारक महावीर उद्यानात आहे, आणि वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, पंतप्रधान मोदी ऑगस्ट २०२४ मध्ये तिथं गेले होते.

यावर लिहायचं ठरवलंस तर जपून. हा विषय समाजमाध्यमांवर फार फिरतो आणि त्यात दोन छावण्यांची सर्रास भेसळ होते. जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलिश मुलांना आसरा दिला ती छावणी बालाचडीची, नवानगर संस्थानातली, आजच्या गुजरातमध्ये. वळिवड्याची छावणी वेगळी, कितीतरी मोठी आणि सबंध कुटुंबांची. दुसरं, ‘राजाराम महाराजांनी वळिवड्याची छावणी उभारली’ असं कुणी लिहिलेलं दिसलं तर तारखा ताडून बघ. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १९४० च्या नोव्हेंबरात वारले. १९४३ मध्ये गादीवर बाल शिवाजी महाराज होते, जेमतेम दोन वर्षांचे, आणि कारभार रीजन्सीकडं, म्हणजे अल्पवयीन राजाच्या वतीनं राज्य चालवणाऱ्यांकडं होता. मग जमिनीचा निर्णय कुणी घेतला, दरबारानं, ब्रिटिश रेसिडेन्सीनं की दिल्लीनं? खर्च कुणाच्या खात्यातून झाला? जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, त्यानंतर छावणीचं काय झालं? आणि मघाचे दोन नकाशे आठव. या लोकांपैकी कितीतरी जणांची गावं त्या पूर्वेच्या पट्ट्यात होती, म्हणजे युद्ध संपलं तेव्हा त्यांचं घर पोलंडमध्ये उरलंच नव्हतं. म्हणूनच पुष्कळ जण पोलंडला परतण्याऐवजी इंग्लंडला आणि इतर देशांत गेले. परराष्ट्रधोरण, सीमा, निर्वासितांचे हक्क, तुझ्या राज्यशास्त्राचं अर्धं पाठ्यपुस्तक त्या एका स्टेशनाच्या आसपास आहे.

इंग्रजीत या छावण्यांवर पुस्तकं आहेत. नावं मुद्दाम देत नाही, कारण आता ती शोधायचं तुला कळलंय. निर्वासितांचं कपाट ३६२.८७. वळिवड्याचं स्पेलिंग मात्र सगळ्या तऱ्हांनी करून बघ. कुठं व्ही, कुठं डब्ल्यू, कुठं एक एल, कुठं दोन. एकाच स्पेलिंगवर अडलीस तर निम्मी कागदपत्रं दिसणारच नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ फुकट आहे, त्यावर ब्रिटिश काळातल्या सरकारी फायली शोधता येतात, काही तर पानन् पान वाचता येतात. १९४० च्या दशकातली कोल्हापूरची वर्तमानपत्रं, म्हणजे ‘पुढारी’, ‘सत्यवादी’, यांचे जुने अंक कुठं बघायला मिळतील हे नगर वाचन मंदिरात आणि विद्यापीठात विचार.

वळिवडे-गांधीनगरात एखाद्या जुन्या माणसाशी बोललीस तर त्यांची परवानगी घे, तारीख लिहून ठेव, आणि ती आठवण ‘आठवण’ म्हणूनच लिही. ऐंशी वर्षांमागचं बोलताना माणूस आपण पाहिलेलं आणि वडिलांकडून ऐकलेलं यात फरक करत नाही. छापील चार संदर्भांत ती धरता येणार नाही, उरलेल्या तिनांत सर धरतील का ते आधीच विचार.

टिपणं काढताना प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या मुख्य पानाचा मोबाइलवर फोटो घे, मग ज्या पानावरून घेतलंस त्या पानाचा, पान क्रमांक दिसेल असा. शेवटच्या रात्री ‘हे कुठल्या पुस्तकातलं?’ म्हणत रडणारी मुलं मी बघितलीत. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं घेतलंस तर अवतरणचिन्हात, आपल्या शब्दांत मांडलंस तरी संदर्भ द्यायचाच. संदर्भ कुठल्या पद्धतीनं लिहायचे हे सरांना विचार आणि शेवटपर्यंत तीच पद्धत ठेव. पोलिश भाषा येत नाही याची चिंता नको, तुझ्या पातळीवर इंग्रजी-मराठी पुष्कळ झालं.

तीन आठवड्यांतला पहिला आठवडा प्रश्न ठरवण्यात आणि कपाटं फिरण्यात घालव, दुसरा वाचण्यात. तिसऱ्यात फक्त लिही, नवं पुस्तक उघडू नकोस.

वळिवड्याचाच प्रश्न घेतलास आणि मूळ कागद बघावेसे वाटले, तर राज्य सरकारच्या पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय कोल्हापुरात आहे, करवीर संस्थानचं दप्तर तिथं आहे. ते ग्रंथालयासारखं नसतं. कपाटापाशी जाऊन चाळता येत नाही, यादी बघून मागणीपत्र भरावं लागतं आणि रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आतून काढून आणतात. त्याला वेळ लागतो, त्याच दिवशी मिळेल असं धरू नकोस, म्हणून पहिल्या आठवड्यातच एक चक्कर मार. जुने कागद मोडीत असू शकतात, पण ब्रिटिशांशी झालेला या काळातला पत्रव्यवहार इंग्रजीत असतो, तोच आधी माग. कॉलेजचं पत्र, ओळखपत्र, वही आणि शिसपेन्सिल बरोबर ने. जुन्या कागदांजवळ पेन चालवू देत नाहीत. फोटो काढायचे असतील तर आधी लेखी परवानगी माग.